वडिलांच्या मेंदूत पाणी साठलंय, या वयात नळी टाकावी का?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका मुलाचा आहे. वडील ७६ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. दोन वर्षांपासून चाल मंदावली, पावलं लहान झाली, दोनदा पडले. वर्षभरापासून लघवीला घाई होते, आता कधी कधी कपड्यातच होते. विसरतात, गप्प बसून राहतात. पार्किन्सनच्या गोळ्या सहा महिने घेतल्या, फरक पडला नाही. स्कॅनमध्ये मेंदूतले पाण्याचे कप्पे मोठे दिसले. एका डॉक्टरांनी ‘वयानं मेंदू आकसलाय, सोडून द्या’ असं सांगितलं, दुसऱ्यांनी हे पाणी पोटात वळवणारी नळी टाकायचं ऑपरेशन सुचवलं. साखर आहे, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. नातेवाईक म्हणतात या वयात डोक्याला हात लावू नका, आणि बहीण म्हणते पुण्याला नेऊ.

ऑपरेशन करायचं की नाही, हे आज ठरवूच नका. आधी आण्णांच्या कमरेच्या मणक्यातून सुईनं हे पाणी थोडं काढून चाल सुधारते का ते बघायचं आणि मग ठरवायचं. स्कॅन बघून नळी टाकणं चूक, आणि स्कॅन बघून सोडून देणंही तितकंच चूक. या आजाराचा (डॉक्टरी भाषेत नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस) निकाल बऱ्याच अंशी पायांवर लागतो.

आधी हे पाणी कसलं ते सांगतो, कारण बहुतेक घरांत इथंच घोळ होतो. कुणाला वाटतं थंड पाण्यानं अंघोळ केल्यामुळे झालं, कुणाला वाटतं सर्दी डोक्यात गेली. हे पाणी प्रत्येकाच्या मेंदूत जन्मापासून असतं. मेंदूच्या आत चार कप्पे आहेत, त्यांत ते तयार होतं. दिवसाला साधारण ५०० मिली तयार होतं, पण कोणत्याही क्षणी मेंदू आणि मणक्यात मिळून असतं ते १५० मिलीच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. कप्प्यांतून ते मेंदूच्या बाहेरच्या बाजूला येतं आणि रक्तात शोषलं जातं. हे शोषण नीट होईनासं झालं की कप्पे फुगतात आणि त्यांच्या कडेनं पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणारे धागे ताणले जातात. पाय आणि लघवी आधी का बिघडतात, याचा एक उलगडा असा दिला जातो. पूर्ण उलगडा याहून गुंतागुंतीचा आहे, पण घरच्यांना समजायला एवढं पुरे.

लहान मुलांत पाणी साठलं की डोकं मोठं होतं. मोठ्या माणसात कुठं गाठ आली, वाट बंद झाली तर दाब वाढून डोकं दुखतं, उलट्या होतात, शुद्ध हरपते. साठीनंतरचा हा प्रकार वेगळा. डोकं दुखत नाही, उलटी नाही, कमरेतून सुई घालून दाब मोजला तर तोही नॉर्मल येतो. कोलंबियातले न्यूरोसर्जन सॉलोमन हकीम यांनी हे पहिल्यांदा ओळखलं आणि १९६५ साली अमेरिकेतल्या रेमंड अ‍ॅडम्स यांच्यासोबत ते जगापुढं मांडलं. कप्पे मोठे, दाब मात्र नॉर्मल, आणि पाणी काढलं की माणूस सुधारतो, ही गोष्ट तेव्हा कुणाला पटायलाच तयार नव्हती. चाल, लघवी, आठवण हे त्रिकूट हकीम यांच्याच नावानं ओळखलं जातं. तिन्ही असायलाच हवीत असं मात्र नाही. आपल्याकडे पेशंट येतो तोवर तिन्ही असतात, कारण नुसती चाल बिघडली तर ‘वय झालं’ म्हणून कुणी आणतच नाही. रंकाळ्याची रोजची फेरी बंद होते, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचं जाणं बंद होतं, मग घरातल्या घरात. लघवी कपड्यात व्हायला लागली की घरचे हलतात.

आता चालीबद्दल, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

या आजारातला माणूस पाय फाकून चालतो. पावलं लहान, पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, आणि तळवा जमिनीवरून जेमतेम उचलला जातो. ‘पाय फरशीला चिकटल्यागत हुतंय’ हे वाक्य माझ्याकडे पेशंट स्वतःहून बोलतात. उभं राहिल्यावर पहिलं पाऊल पडायला वेळ लागतो. उंबरा आला की थबकतात. सगळ्यांत बोलकी गोष्ट म्हणजे वळणं. निरोगी माणूस दोन-तीन पावलांत मागे फिरतो, हे लोक सहा-सात पावलं जागच्या जागी टाकत अख्खं अंग एकदम फिरवतात. आणि बहुतेक वेळा तिथंच पडतात, सरळ चालताना नाही. आण्णा दोनदा पडले, ते वळताना पडले का, हे आठवून बघा.

पार्किन्सनमध्येही पावलं लहान होतात, म्हणून गल्लत होते. पण पार्किन्सनच्या माणसाचे पाय सहसा जवळ-जवळ असतात, हात हलायचे थांबतात, तेही बहुधा एका बाजूचा आधी, बसल्या जागी हाताला कंप असतो, चेहरा मख्ख होतो. पाण्याच्या आजारात हात चांगले हलत असतात. कमरेच्या वरचा माणूस चालतोय आणि खालचा अडलाय असं दिसतं. पार्किन्सनच्या माणसाला फरशीवरच्या रेघा ओलांडत चला म्हटलं तर एकदम बरी पावलं पडतात. या आजारात त्या युक्तीचा फारसा उपयोग होत नाही. पार्किन्सनची गोळी पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही काडीचा फरक न पडणं हा आण्णांच्या बाबतीतला महत्त्वाचा धागा आहे. गोळी मनानं बंद मात्र करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते.

मी प्रत्येकाला चपलेचं विचारतो. चप्पल पायातून निसटते का, आणि निसटलेली कळते का? न कळता निसटत असेल तर आधी पायाच्या नसा बघायच्या. साखरेची बरीच वर्षं झालेल्या माणसात त्या बधिर झालेल्या असतात, किंवा बी-१२ कमी असतं. कळतं पण पायात धरून ठेवता येत नाही, असं असेल तर ताकदीचा प्रश्न, म्हणजे कमरेचा किंवा मानेचा मणका. पाण्याच्या आजारात चप्पल घासत जाते. जुनी चप्पल दवाखान्यात घेऊन या. एकाच माणसात दोन-तीन गोष्टी एकत्र असणं या वयात नेहमीचं आहे. मानेच्या मणक्यात दबलेली नस तर हुबेहूब हेच सोंग घेते, चालही बिघडते आणि लघवीही. म्हणून पाय तपासताना हातोडीनं रिफ्लेक्स बघितले का, मानेचा फोटो किंवा एमआरआय झाला का, हे विचारा. थायरॉइड, बी-१२, सोडियम या रक्ताच्या तपासण्या स्वस्त आहेत, त्या आधी उरकून घ्या. आणि दोनदा पडलेल्या माणसाचा स्कॅन पडण्याच्या आधीचा असेल तर तो पुन्हा काढायलाच हवा. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेलं रक्त अशीच चाल बिघडवतं, रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्या माणसात तर ही शक्यता जास्त, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

लघवीचं थोडक्यात सांगतो. आधी घाई येते, मग मोरीपर्यंत पोचेस्तोवर थेंब, मग कपड्यात. पाय हळू असल्यामुळे पोचायलाच वेळ लागतो, हेही त्यात असतं. सत्तरीच्या पुरुषात प्रोस्टेट बहुधा वाढलेली असते, म्हणून सोनोग्राफी करून लघवी केल्यावर आत किती उरते ते बघून घ्या. प्रोस्टेट मोठी निघाली म्हणून मेंदूचा शोध थांबवायचा नाही.

आठवणीबद्दल लोकांचा समज असतो की हा अल्झायमरच. या आजारातला विसर निराळा वाटतो. माणूस मंद होतो, प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लावतो, पुढाकार घेत नाही, पेपर हातात धरून बसतो पण पान उलटत नाही. आठवण करून दिली की मात्र बऱ्याचदा सापडतं. अल्झायमरमध्ये सकाळी जेवलो हेच पुसलं जातं, आठवण करून देऊनही येत नाही, आणि चाल सुरुवातीला बरी असते. म्हणूनच आधी काय बिघडलं हा प्रश्न मी घरच्यांना दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या शब्दांत विचारतो. विसरणं चार वर्षांचं आणि चाल सहा महिन्यांची असेल तर नळीकडून फार आशा धरू नये. आण्णांचं उलट आहे: चाल आधी, बाकीचं नंतर. हे चांगलं लक्षण आहे. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि बऱ्याच जणांत असतातही. तशा माणसाची चाल नळीनं सुधारते, पण विसरणं आपल्या गतीनं पुढं जात राहतं.

‘मेंदू आकसलाय’ म्हणणारे डॉक्टर अगदीच चूक नसतात. वयानं मेंदू आकसतो, कप्पे मोठे दिसतात. पण नुसता आकसलेला मेंदू असेल तर वरच्या, टाळूकडच्या भागातल्या चिराही रुंद झालेल्या असतात. पाण्याच्या आजारात टाळूकडचा भाग दाटलेला, घट्ट दिसतो, आणि बाजूच्या, कानशिलाजवळच्या चिरा मात्र रुंद असतात. कप्प्यांची रुंदी कवटीच्या आतल्या रुंदीच्या ०.३ पटीपेक्षा जास्त असणं हे किमान. एवढं तर कित्येक निरोगी म्हाताऱ्यांतही दिसतं. दोन कप्प्यांमधला वरचा कोन एमआरआयवर एका ठरावीक जागी मोजतात, तो ९० अंशांपेक्षा कमी असेल तर संशय बळावतो. हे तीन मुद्दे रिपोर्टमध्ये लिहिलेले नसतील तर रेडिओलॉजिस्टना फोन करून विचारता येतं. मी विचारतो. त्यांना कुणी ‘पाण्याचा संशय आहे’ असं सांगितलेलं नसतं, म्हणून ‘वयोमानानुसार बदल’ लिहून मोकळे होतात. आण्णांचा साधा सीटी झाला असेल तर एमआरआय करून घ्या. आणखी एका कारणासाठी तो हवा: तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यामधली बारीक वाट उघडी आहे ना, कुठं गाठ नाही ना, हे बघितल्याशिवाय कमरेतून पाणी काढायचं नसतं. वाट बंद असेल तर कमरेतली सुई धोक्याची ठरू शकते. उलट अशा माणसाला नळीऐवजी दुर्बिणीनं आतच नवी वाट करून देता येते आणि शरीरात काहीही ठेवावं लागत नाही.

हेही विचारतो: पूर्वी डोक्याला मोठा मार बसला होता का, मेंदूत रक्तस्राव झाला होता का, टीबीचा मेंदूज्वर झाला होता का? आपल्याकडे शेवटचा प्रश्न विसरून चालत नाही. या कारणांनी साठलेल्या पाण्याचा हिशेब वेगळा.

आता पाणी काढून बघायची परीक्षा. सगळा निर्णय जिच्यावर उभा आहे तीच सगळ्यांत घाईत उरकली जाते, म्हणून सविस्तर लिहितो. कुशीवर झोपवून, कमरेत जागा बधिर करून, सुईनं ३० ते ५० मिली पाणी काढतात. नुसतं दोन चमचे तपासणीला पाठवलं तर ती ही परीक्षा नव्हे. सुई लागण्याआधी चाल मोजलेली असायलाच हवी: १० मीटरला किती सेकंद, किती पावलं, आणि खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन वळून परत बसायला किती वेळ. पाणी काढल्यावर दोन-चार तासांनी पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी त्याच चपला, तीच काठी, तीच जागा. मोबाइलवर व्हिडिओ काढा, समोरून आणि बाजूनं, वळतानाचा जरूर. ‘जरा बरं वाटतंय’ यावर ऑपरेशन ठरवू नये. डॉक्टरनं आशेनं विचारलं की म्हातारी माणसं डॉक्टरचं मन राखायला हो म्हणतात. घरच्यांचं मतही सेकंदांच्या शेजारी ठेवूनच बघावं.

सुधारणा स्पष्ट दिसली तर नळीचा फायदा होण्याची शक्यता चांगली. दिसली नाही तर मात्र दार बंद होत नाही. एकदा पाणी काढून फरक न पडलेले बरेच लोक नळीनंतर चालायला लागतात. स्कॅन आणि चाल दोन्ही ठळक असतील तर मी पेशंटला ॲडमिट करून कमरेत बारीक नळी तीन दिवस ठेवतो, तासाला साधारण १० मिली पाणी काढतो, आणि रोज चालवून बघतो. त्यात जंतुसंसर्गाची जोखीम आहे, म्हणून ती सगळ्यांना नाही.

आण्णांच्या दोन गोळ्यांचा प्रश्न इथंच येतो. ॲस्पिरिन एकटी असेल तर सहसा सुईला अडचण नसते. क्लोपिडोग्रेल किंवा तसली दुसरी गोळी काही दिवस आधी थांबवावी लागते, आणि स्टेंट (अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी) किती जुना आहे यावर ती थांबवता येईल का हे अवलंबून. हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. स्टेंट नवा असेल तर थांबा. या आजारात एक-दोन महिन्यांनी आकाश कोसळत नाही. बंद पडलेल्या स्टेंटनं मात्र कोसळतं. वर्ष-दोन वर्षं ढकलत राहू नका एवढंच, कारण जितका उशीर तितकं परत मिळणं कमी.

गोळ्यांनी हे पाणी कमी होत नाही का, असं प्रत्येक जण विचारतो. होत नाही. डायमॉक्ससारख्या गोळ्या इतर आजारांत देतात. म्हाताऱ्या माणसाच्या या आजारात त्यांचा भरवशाचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि सोडियम-पोटॅशियम बिघडून माणूस अजूनच डळमळतो. काढे, नस्य, तेल यांनीही नाही.

ऑपरेशन ऐकायला जेवढं मोठं वाटतं तेवढं नसतं. पूर्ण भूल, साधारण तासाभराचं काम. कवटीला छोटं भोक पाडून कप्प्यात मऊ नळी सोडतात, कानामागे कातडीखाली ठरावीक दाब आला की पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात, तिथून नळी मानेच्या आणि छातीच्या कातडीखालून पोटात नेतात. पोटात पाणी शोषलं जातं. बाहेरून काही लोंबत नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण घरच्यांच्या डोळ्यांपुढं लघवीच्या पिशवीसारखं काहीतरी असतं. मेंदूचा भाग काढला जात नाही. पोटाची मोठी ऑपरेशनं झालेली असतील तर नळी हृदयाकडे जाणाऱ्या शिरेत सोडता येते. जपानमध्ये कमरेतून थेट पोटात नळी नेण्याची पद्धत जास्त चालते. तिथल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये तिचे चांगले परिणाम दाखवले. मेंदूला हातच लागत नाही हा तिचा फायदा. आपल्या म्हाताऱ्यांच्या कमरेचे मणके इतके झिजलेले असतात की ती प्रत्येकाला जमत नाही.

फायदा खरंच होतो की मनाचा खेळ आहे, ही शंका डॉक्टरांनाही बरीच वर्षं होती. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. ९९ पेशंटना सगळ्यांनाच नळी टाकली, पण निम्म्यांचा व्हॉल्व्ह इतका घट्ट ठेवला की पाणी जवळपास वाहूच नये, आणि कुणाचा कसा ठेवलाय हे पेशंटला सांगितलं नाही. तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडा असलेल्यांच्या चालीचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटर वाढला, बंदवाल्यांचा ०.०३. चालीबद्दलचा प्रश्न तिथं मिटला. त्याच अभ्यासात आठवणीच्या आणि लघवीच्या मोजमापात तीन महिन्यांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, हेही घरच्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. माझा अनुभव असा की लघवीची घाई काही महिन्यांत बऱ्याच जणांची कमी होते, आठवण सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी. चालणं परत येणं ही मात्र छोटी गोष्ट नाही. जो माणूस स्वतः उठून मोरीपर्यंत जातो त्याच्या बायकोची कंबर वाचते.

जोखीम लपवत नाही. म्हाताऱ्या माणसात सगळ्यांत मोठी भीती पाणी जास्त वाहून जाण्याची. मेंदू आतून सैल पडतो, वरची बारीक शीर ताणून फाटते आणि आवरणाखाली पाणी किंवा रक्त साठतं. वर सांगितलेल्या अभ्यासातही उघड्या व्हॉल्व्हच्या गटात असा रक्तस्राव जास्त होता. बसल्यावर डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, ही त्याची पहिली खूण. जंतुसंसर्ग बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत दिसतो. साखर ताब्यात नसेल तर जास्त, म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा बघितल्याशिवाय मी तारीख देत नाही. नळी कधीही तुंबू शकते, मग चाल हळूहळू पूर्वीच्या वळणावर जाते. तेव्हा ‘आजार वाढला’ असं समजून घरी बसू नका, नळी तपासून घ्या. दुसऱ्यांदा छोटं ऑपरेशन लागू शकतं, ही तयारी मनात हवी.

व्हॉल्व्ह कोणता, हा पैशांचाही प्रश्न आहे. आपल्या देशात वर्षानुवर्षं चालणारा छाब्रा शंट (शंट म्हणजे व्हॉल्व्हसकट हीच नळी) उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनतो, काही हजारांत मिळतो. युगांडातल्या मुलांमध्ये त्याची महागड्या परदेशी व्हॉल्व्हशी तुलना झाली होती, तेव्हा निकालात फरक दिसला नाही. त्याला हलकं समजू नका. पण मुलांचा निकाल म्हाताऱ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. दाब ठरलेला व्हॉल्व्ह एकदा बसला की तो बदलायला पुन्हा चिरावं लागतं. प्रोग्रामेबल व्हॉल्व्हचा दाब कातडीवर चुंबकाचं यंत्र ठेवून दोन मिनिटांत बदलता येतो. त्याची किंमत लाखाच्या आसपास जाते. हॉलंडमध्ये १९९८ साली एक अभ्यास झाला: कमी दाबाच्या व्हॉल्व्हमध्ये ७१ टक्के पेशंटांच्या मेंदूच्या आवरणाखाली पाणी साठलं, मध्यम दाबाच्या व्हॉल्व्हमध्ये ३४ टक्के. म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्या ७६ वर्षांच्या माणसाला, घरच्यांना झेपत असेल तर, मी प्रोग्रामेबलच सुचवेन आणि सुरुवातीला दाब चढाच ठेवेन. झेपत नसेल तर मध्यम दाबाचा साधा चालेल. कर्ज काढून महागडा घेऊ नका. प्रोग्रामेबल असेल तर एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्यायचं, आणि कानामागे चुंबक असलेली वस्तू टेकवायची नाही.

रेशनकार्ड घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा. या योजनेत तुमचं ऑपरेशन आणि कोणता व्हॉल्व्ह बसतो, हे ॲडमिट व्हायच्या आधी लेखी विचारून घ्या.

नातेवाईकांचं ‘या वयात नको’ हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. हृदय फारच कमजोर असेल, माणूस वर्षभर अंथरुणाला खिळलेला असेल, घरातल्यांना ओळखतच नसेल, तर मीही नको म्हणतो. पण ७६ हा आकडा स्वतःहून नकार देत नाही. हा आजार मुळात म्हाताऱ्यांचाच. स्वीडनमधल्या २०१४ च्या एका पाहणीत ऐंशीच्या पुढच्या लोकांत तो जवळपास ६ टक्के आढळला, सत्तरीतल्यांत त्याच्या कितीतरी कमी. काही न करण्यालाही धोका आहेच. एकदा खुबा मोडला की जे ऑपरेशन होतं ते या नळीपेक्षा मोठं असतं आणि तेव्हा ‘या वयात नको’ म्हणायची सोय नसते.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने घरच्यांचे. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यातच सुरू करा. दोन वर्षं न वापरलेले पाय नुसत्या नळीनं मजबूत होत नाहीत. वळायचं ते मोठा अर्धगोल घेऊन, जागच्या जागी नाही. मोरीतली शेवाळी फरशी खरवडून घ्या, धरायला दांडी लावा, रात्री दिवा चालू ठेवा. पोट साफ राहू द्या. बद्धकोष्ठानं पोटातला दाब वाढला की पाणी नीट वाहत नाही. पडले, मग लागलेलं दिसो न दिसो, तर स्कॅन. ताप, टाक्यांशी लाली, पोटात दुखणं, नवीन सुस्ती यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. थांबवलेली हृदयाची गोळी कधी सुरू करायची हे कागदावर लिहून घ्या. डिस्चार्जच्या गडबडीत हमखास राहतं ते हेच. दर महिन्याला त्याच जागी चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. माझ्या तपासणीपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग होतो.

राहिलं पुण्याचं. हे ऑपरेशन कोल्हापुरात, मिरजेत, सांगलीतही होतं, आणि ते अवघड कसबाचं नाही. कस लागतो तो आधीच्या निवडीत आणि नंतरच्या पाठपुराव्यात. पहिल्या वर्षात व्हॉल्व्हचा दाब दोन-चारदा बदलावा लागू शकतो. प्रत्येक वेळी आण्णांना गाडीत बसवून चार-पाच तास नेणं तुम्हाला जमणार असेल तर खुशाल न्या. नाहीतर जवळच्या न्यूरोसर्जनना तीन गोष्टी विचारा: पाणी काढायच्या आधी आणि नंतर चाल सेकंदांत मोजणार का, दाब बदलायचं यंत्र त्यांच्याकडे आहे का, आणि रात्री-अपरात्री डोकं दुखलं तर फोन कोण उचलणार. जाताना जुन्या स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको, आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.